पर्यावरणपूरक वर्तनाची प्रेरणा (जव्हार व मोखाडा)

पर्यावरणपूरक वर्तनाची प्रेरणा हा पर्यावरणीय मानसशास्त्राचा एक अभ्यासविषय आहे. व्यक्ती किंवा समूह पाणी, जंगल, माती आणि इंधन यांचा जपून वापर करण्यास कशामुळे प्रवृत्त होतात, माहिती आणि इच्छा असूनही तसे वर्तन काही वेळा का घडत नाही, आणि एकदा सुरू झालेले वर्तन कशामुळे टिकते, या प्रश्नांचा त्यात विचार केला जातो. समाजमानसशास्त्र, अर्थशास्त्र आणि मानववंशशास्त्र या शाखांचा या विषयाशी जवळचा संबंध आहे.

महाराष्ट्राच्या पालघर जिल्ह्यातील जव्हार आणि मोखाडा हे आदिवासीबहुल तालुके या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहेत. येथे वृक्षलागवड, जलसंधारण, फळबाग, सुधारित चूल, वनसंरक्षण असे अनेक उपक्रम शासन आणि स्वयंसेवी संस्थांनी राबवले आहेत. या भागातील लोकांचे जगणे जंगल आणि पावसावर थेट अवलंबून असल्याने पर्यावरणाविषयी आस्था निर्माण करणे हा येथील मुख्य प्रश्न ठरत नाही. असलेली आस्था कृतीत उतरण्यासाठी लागणारे हक्क, वेळ, पाणी आणि विश्वास उपलब्ध आहेत किंवा नाहीत, यावर वर्तन मोठ्या प्रमाणात अवलंबून राहते.

## सैद्धान्तिक पार्श्वभूमी

माणसाला योग्य माहिती दिली की त्याचे मत बदलते आणि मत बदलले की वागणे बदलते, असे पूर्वी गृहीत धरले जात असे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात झालेल्या संशोधनाने ही साखळी अपुरी असल्याचे दाखवले. मत आणि कृती यांतील या अंतराला 'अभिवृत्ती-वर्तन दरी' असे म्हणतात. तिचे स्पष्टीकरण देणारे काही प्रमुख सिद्धान्त पुढीलप्रमाणे आहेत.

* नियोजित वर्तनाचा सिद्धान्त : आइसेक आयझेन यांनी मांडलेल्या या सिद्धान्तानुसार वर्तनामागील हेतू तीन गोष्टींनी ठरतो : त्या वर्तनाविषयीचे मत, जवळच्या लोकांची अपेक्षा आणि ते वर्तन आपल्याला जमेल किंवा नाही याविषयीची जाणीव.
* मूल्य-धारणा-मानदंड सिद्धान्त : शलोम श्वार्ट्झ यांच्या विचारांचा आधार घेऊन पॉल स्टर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये हा सिद्धान्त मांडला. आपल्या कृतीचा परिणाम इतरांवर होतो आणि तो टाळण्याची जबाबदारी आपली आहे, असे वाटले की नैतिक बांधिलकी जागी होते, असे त्याचे सार आहे.
* आत्मनिर्धारण सिद्धान्त : एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन यांच्या मते स्वायत्तता, कार्यक्षमता आणि आपलेपणा या तीन मानसिक गरजा पूर्ण होत असतील तर प्रेरणा आतून येते आणि अधिक काळ टिकते.
* सामाजिक मानदंडांचा सिद्धान्त : इतर लोक प्रत्यक्षात काय करतात आणि ते कशाला योग्य मानतात, या दोन गोष्टींचा माणसाच्या वागण्यावर वेगवेगळा परिणाम होतो, असे रॉबर्ट चाल्डिनी यांनी दाखवले.

## जव्हार व मोखाडा : पार्श्वभूमी

१ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर जिल्हा अस्तित्वात आला आणि जव्हार व मोखाडा हे तालुके त्यात समाविष्ट झाले. दोन्ही तालुके संविधानाच्या पाचव्या अनुसूचीतील क्षेत्रात येतात. वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर आणि कातकरी हे येथील प्रमुख आदिवासी समाज आहेत. भात, नागली, वरई, उडीद आणि खुरासणी ही मुख्य पिके असून त्यांपैकी नागली व वरई डोंगरउतारावरील वरकस जमिनीत घेतली जातात.

पावसाळ्यात येथे भरपूर पाऊस पडतो. मात्र तीव्र उतार, मातीचा पातळ थर आणि पाणी धरून न ठेवणारा कातळ यांमुळे बहुतेक पाणी वाहून जाते आणि मार्च ते मे या काळात अनेक पाड्यांना पिण्याच्या पाण्याची टंचाई भासते. खरिपाचे एकच पीक निघत असल्याने दिवाळीनंतर अनेक कुटुंबे वीटभट्ट्या, बांधकामे आणि इतर मजुरीसाठी भिवंडी, वसई आदी भागांत स्थलांतर करतात. १९९२-९३ मध्ये वावर-वांगणी परिसरातील बालमृत्यूंमुळे येथील कुपोषणाचा प्रश्न राज्यभर चर्चेत आला. पर्यावरणपूरक वर्तनाचा विचार या आर्थिक वास्तवापासून वेगळा करता येत नाही.

## माहिती, क्षमता आणि वर्तन

### राब भाजणे

पेरणीपूर्वी रोपवाटिकेच्या जागेवर झाडांच्या फांद्यांचा पाला, गवत, शेण आणि पालापाचोळा यांचे थर पसरून ते जाळण्याच्या पद्धतीला राब भाजणे असे म्हणतात. राबासाठी झाडांच्या फांद्या छाटल्या जातात, त्यामुळे जंगलाची हानी होते आणि धूरही होतो. या कारणास्तव ही पद्धत थांबवण्याचे आवाहन वेळोवेळी केले जाते.

शेतकऱ्याच्या दृष्टीने राबाचे फायदे ठोस असतात. भाजण्यामुळे तणाचे बी मरते, कीड कमी होते, राखेतून पोषक द्रव्ये मिळतात आणि भुसभुशीत मातीतून रोपे सहज उपटता येतात. यांपैकी तण कमी होण्याचा फायदा प्रामुख्याने स्त्रियांच्या श्रमाशी निगडित आहे, कारण निंदणीचे काम बहुधा त्याच करतात. गादीवाफ्यावरील रोपवाटिका किंवा गिरिपुष्पाचा हिरवा पाला वापरणारी चारसूत्री भातशेती असे पर्याय उपलब्ध आहेत. हे पर्याय स्वीकारले जाण्यासाठी राबाचे सर्व फायदे, विशेषतः निंदणीच्या श्रमांतील बचत, त्यांतून मिळावे लागतात. केवळ जंगलाच्या हानीची माहिती देणाऱ्या प्रचारात शेतकऱ्याच्या या हिशेबाला उत्तर नसते. आयझेन यांच्या परिभाषेत सांगायचे तर येथे मत बदलूनही क्षमतेची जाणीव बदलत नाही.

### लावलेले झाड आणि जगलेले झाड

महाराष्ट्र शासनाने २०१६ ते २०१९ या काळात राज्यात ५० कोटी वृक्ष लावण्याची मोहीम हाती घेतली होती. अशा मोहिमांत वृक्षारोपण ही एका दिवसाची, सर्वांना दिसणारी आणि समूहाने करायची कृती असते. त्यामुळे तिच्यासाठी प्रेरणा निर्माण करणे तुलनेने सोपे असते. रोप जगवणे ही मात्र दोन-तीन उन्हाळे चालणारी आणि कोणाच्या नजरेत न भरणारी कृती आहे.

जव्हार-मोखाड्यात या दोन कृतींमध्ये ऋतूचेही अंतर पडते. रोप जुलैमध्ये लावले जाते. त्याला पाण्याची सर्वाधिक गरज मार्च ते मे या महिन्यांत असते आणि नेमक्या त्याच काळात विहिरी आटलेल्या असतात. घरातील कर्ती माणसे स्थलांतरित असतात आणि मागे राहिलेल्या स्त्रियांना पिण्याचे पाणीच लांबून आणावे लागते. अशा स्थितीत रोप वाळणे हा अनास्थेचा पुरावा मानता येत नाही. एखाद्या वर्तनासाठी लागणारे साधन वर्षाच्या कोणत्या महिन्यात कोणाच्या हाती असते, हे पाहिल्याखेरीज त्या वर्तनाच्या प्रेरणेचे मापन अपुरे राहते.

### चूल आणि इंधन

जळाऊ लाकूड गोळा करणे हे येथील स्त्रियांचे नेहमीचे काम असून मोळी विकणे हे काही कुटुंबांच्या रोख उत्पन्नाचे साधन आहे. लाकडाचा वापर कमी करण्यासाठी देशात १९८० च्या दशकापासून सुधारित चुलींचा कार्यक्रम राबवला गेला, तर १ मे २०१६ पासून प्रधानमंत्री उज्ज्वला योजनेद्वारे गरीब कुटुंबांतील स्त्रियांना गॅसजोडणी देण्यात येऊ लागली.

रेमा हॅना, एस्थर दुफ्लो आणि मायकल ग्रीनस्टोन यांचा ओडिशातील सुधारित चुलींवरील अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. चूल बसवल्यानंतर काही वर्षांत तिची देखभाल आणि नियमित वापर कमी होत गेल्याचे त्यात आढळले. वस्तू स्वीकारणे आणि ती सातत्याने वापरणे या दोन वेगळ्या कृती आहेत, हे यातून स्पष्ट झाले. गॅसच्या बाबतीतही जोडणी एकदाच मिळते, परंतु सिलिंडर पुन्हा भरण्यासाठी एकरकमी पैसे लागतात. लाकडाची किंमत श्रमाच्या रूपात दररोज थोडी थोडी चुकवली जाते. ज्या घरात रोख रक्कम हंगामीच येते, तेथे दुसरा मार्ग अधिक शक्य वाटतो. शिवाय चुलीवर पाणी तापवणे, थंडी-पावसात ऊब मिळणे आणि भाकरी भाजणे ही कामेही होत असल्याने अनेक घरांत चूल व गॅस दोन्ही वापरात राहतात.

## टंचाईचे मानसशास्त्र

आनंदी मणी, सेंथिल मुल्लैनाथन, एल्दार शफीर आणि जियायिंग झाओ यांनी तमिळनाडूतील ऊस उत्पादक शेतकऱ्यांचा अभ्यास करून २०१३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. तेच शेतकरी तोडणीपूर्वी, म्हणजे हातात पैसा नसताना, आकलनाच्या चाचण्यांत मागे पडले आणि तोडणीनंतर त्यांची कामगिरी सुधारली. टंचाईच्या काळात मनाची बरीच शक्ती निकडीच्या प्रश्नांत गुंतते आणि दूरच्या फायद्याचा विचार करण्यास वाव कमी उरतो, असा अर्थ या संशोधकांनी लावला.

जलसंधारणाची कामे हे याचे स्थानिक उदाहरण आहे. समतल चर, बांधबंदिस्ती आणि वनराई बंधारे यांचा लाभ पुढच्या हंगामात दिसतो. वीटभट्टीची उचल मात्र हातात लगेच पडते. रोजगार हमीच्या कामाची मजुरी कायद्यानुसार पंधरा दिवसांत मिळणे अपेक्षित आहे. ती लांबली की गावात राहून मृदसंधारणाचे काम करण्यापेक्षा स्थलांतर करणे अधिक खात्रीचे ठरते. वेळेवर मजुरी मिळणे ही यामुळे प्रशासकीय बाब असण्याबरोबरच प्रेरणेचाही एक घटक बनते.

### वाडी कार्यक्रम

फायदा मिळेपर्यंतचा काळ सुसह्य करण्याचा एक प्रयत्न म्हणजे 'वाडी' कार्यक्रम होय. मणिभाई देसाई यांनी स्थापन केलेल्या बायफ या संस्थेने १९८२ मध्ये दक्षिण गुजरातमधील वांसदा येथे त्याची सुरुवात केली आणि पुढे जव्हार परिसरातही तो राबवला. यात आदिवासी कुटुंब आपल्या सुमारे एक एकर जमिनीवर आंबा व काजूची झाडे, बांधावर वनवृक्ष आणि मधल्या जागेत हंगामी पिके घेते. फळझाडांपासून उत्पन्न सुरू होण्यास काही वर्षे लागतात. तोवर आंतरपिकांचा आधार मिळतो. जव्हार भागात मोगऱ्याच्या लागवडीनेही लवकर उत्पन्न देण्याची हीच भूमिका पार पाडली आहे.

प्रेरणेच्या दृष्टीने वाडीची तीन वैशिष्ट्ये सांगता येतात. झाड स्वतःच्या जमिनीत असते, त्यामुळे त्याच्या फळावर कोणाचा हक्क आहे याविषयी शंका नसते. लाभाचा काही भाग लवकर मिळतो. तसेच शेजाऱ्याची वाडी डोळ्यांसमोर उभी राहिल्याने 'हे आपल्यालाही जमेल' असा विश्वास वाढतो.

## श्रद्धा, निषेध आणि सामाजिक मानदंड

येथील आदिवासी समाजांत निसर्गाच्या वापरावर नियंत्रण ठेवणाऱ्या परंपरा पूर्वीपासून आहेत. पेरणी, नवे धान्य आणि कापणी यांच्याशी निगडित विधी आहेत. धान्याची देवता कणसरी आणि वाघाचा देव वाघोबा किंवा वाघदेव यांची पूजा केली जाते. रम्या नायर आणि सहकाऱ्यांनी २०१८-१९ मध्ये मुंबई उपनगर, ठाणे आणि पालघर जिल्ह्यांत केलेल्या अभ्यासात वाघोबाची दीडशेहून अधिक स्थाने नोंदवली गेली. वाघोबाची योग्य पूजा केली तर तो माणसांचे आणि जनावरांचे रक्षण करतो, अशी श्रद्धा आहे. संघर्ष पूर्णपणे टळत नसला तरी ही देवाणघेवाणीची कल्पना बिबट्यासारख्या प्राण्यासोबत एकाच भूभागात राहणे स्वीकारण्यास साहाय्यभूत ठरते, असे या अभ्यासात म्हटले आहे.

मानसशास्त्राच्या परिभाषेत असे नियम सामाजिक मानदंडांचे काम करतात. नियम कोणी मोडला हे पाड्यातील सर्वांना कळते आणि त्यासाठी वेगळ्या पहारेकऱ्याची गरज लागत नाही.

मानदंडांचा वापर करताना काळजी घ्यावी लागते, हे कॅलिफोर्नियातील २००७ च्या एका प्रयोगात दिसले. कुटुंबांना परिसरातील सरासरी वीजवापर कळवल्यावर जास्त वीज वापरणाऱ्यांनी वापर कमी केला, परंतु कमी वापरणाऱ्यांनी तो वाढवला. कमी वापराबद्दल पसंतीची खूण जोडल्यावर ही वाढ दिसली नाही. 'सगळेच जंगल तोडतात' अशा स्वरूपाचा प्रचार याच कारणाने उलट परिणाम करू शकतो, कारण त्यातून तोड ही सर्वसाधारण गोष्ट असल्याचा संदेश जातो.

## हक्क आणि मालकीची भावना

वसाहतकाळात वने राखीव झाली आणि १९२७ च्या भारतीय वन कायद्याने पिढ्यानपिढ्या चालत आलेल्या अनेक व्यवहारांना गुन्ह्याचे स्वरूप आले. जंगल सरकारचे झाले की ते राखण्याची जबाबदारीही सरकारचीच, अशी भावना अशा परिस्थितीत निर्माण होते. आपण राखलेले झाड उद्या दुसरा कोणी नेईल, ही शंका संरक्षणाची प्रेरणा कमी करते.

सामायिक संपत्तीचा नाश अटळ असतो, हे गॅरेट हार्डिन यांचे १९६८ मधील प्रतिपादन एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी १९९० च्या ग्रंथात खोडून काढले. वापरणाऱ्यांना नियम ठरवण्याचा अधिकार असेल, सीमा स्पष्ट असतील, देखरेख आपसांत होत असेल आणि शिक्षा पायरीपायरीने वाढणारी असेल, तर समूह आपली संपत्ती दीर्घकाळ टिकवतात, असे त्यांनी जगभरातील उदाहरणांवरून दाखवले. २००९ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

भारतात वनहक्क कायदा, २००६ याने वैयक्तिक हक्कांबरोबर सामूहिक वनसंपत्तीचे संरक्षण व व्यवस्थापन करण्याचा हक्क ग्रामसभेला दिला. अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभांना बळ देणारा पेसा कायदा १९९६ चा असून महाराष्ट्राने त्याचे नियम २०१४ मध्ये केले. या नियमांनुसार पाड्यालाही स्वतंत्र गाव म्हणून मान्यता मिळवता येते. जव्हार परिसरात वयम् चळवळीसारख्या संघटनांनी वनहक्क दावे आणि ग्रामसभांचे सक्षमीकरण यांवर काम केले आहे. पाडा हा परस्परांना ओळखणाऱ्या लोकांचा लहान समूह असल्याने ऑस्ट्रॉम यांनी सांगितलेली आपसांतील देखरेख तेथे अधिक शक्य होते.

## बक्षीस, दंड आणि आंतरिक प्रेरणा

बाह्य प्रलोभनामुळे आंतरिक प्रेरणा क्षीण होऊ शकते. इस्रायलमधील हैफा येथील पाळणाघरांत मुलांना उशिरा नेणाऱ्या पालकांना दंड लावल्यावर उशीर करणाऱ्यांची संख्या वाढली आणि दंड रद्द केल्यावरही ती कमी झाली नाही, असे उरी ग्नीझी आणि आल्दो रुस्तिकिनी यांनी २००० मध्ये नोंदवले. दंड भरला की उशिराचा मोबदला दिला, असे पालक मानू लागले.

त्याच वर्षी ह्वान कामिलो कार्देनास आणि सहकाऱ्यांनी कोलंबियातील जंगलावर अवलंबून असलेल्या ग्रामस्थांसोबतचा प्रयोग प्रसिद्ध केला. बाहेरून लादलेला आणि ढिसाळ अंमलबजावणी असलेला नियम आल्यावर सहभागी अधिक स्वार्थीपणे वागले, तर आपसांत चर्चेची मुभा मिळालेल्या गटांनी संपत्ती अधिक जपली. जंगलावर अवलंबून असलेल्या कोणत्याही प्रदेशातील धोरणासाठी हा निष्कर्ष लक्षणीय आहे.

याचा अर्थ मोबदला देऊ नये असा होत नाही. गरीब कुटुंबाने जलसंधारणासाठी विनामूल्य श्रमदान करावे, या अपेक्षेत त्याची त्या दिवसाची मजुरी बुडते. मोबदला नियंत्रणाचे साधन वाटला तर प्रेरणा घटते आणि श्रमाची योग्य दखल वाटला तर टिकते, असे आत्मनिर्धारण सिद्धान्त सांगतो. फळबाग योजनेत अनुदान केवळ लागवडीऐवजी झाडे जगण्याच्या प्रमाणाशी जोडण्यामागे टिकाऊ वर्तनाला महत्त्व देण्याचा विचार दिसतो.

## न्यायाची जाणीव

त्यागाची मागणी न्याय्य वाटते किंवा नाही, यावर सहकार्याची तयारी अवलंबून असते. मुंबईला पाणी पुरवणारे मध्य वैतरणा धरण मोखाडा तालुक्यातील कोचाळे येथे बांधण्यात आले आहे. वैतरणेच्या खोऱ्यातील पाणी महानगराला मिळत असताना त्याच तालुक्यातील पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. ज्यांचा दरडोई पाणीवापर आधीच अत्यल्प आहे, त्यांना पाणी वाचवण्याचा उपदेश केल्यास त्यातून प्रेरणेऐवजी रोष निर्माण होण्याचा संभव असतो.

रामचंद्र गुहा आणि होआन मार्तिनेझ-आलिये यांनी १९९७ च्या ग्रंथात 'गरिबांचा पर्यावरणवाद' ही कल्पना विस्ताराने मांडली. भौतिक गरजा भागल्यावरच माणूस पर्यावरणाचा विचार करतो, या समजाला तिने छेद दिला. ज्यांची उपजीविकाच निसर्गावर आहे, त्यांच्यासाठी जंगल व पाण्याचे रक्षण हा जगण्याच्या हक्काचा भाग असतो.

## टीका आणि मर्यादा

* या क्षेत्रातील बहुतेक प्रयोग पाश्चात्त्य, शिक्षित आणि संपन्न समाजांत झाले आहेत. अशा नमुन्यांवरून संपूर्ण मानवजातीविषयी निष्कर्ष काढण्यावर जोसेफ हेन्रिक आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये आक्षेप घेतला. त्यामुळे हे सिद्धान्त आदिवासी समाजाला लागू करताना स्थानिक निरीक्षणांची जोड आवश्यक ठरते.
* 'जनजागृती' या संकल्पनेत स्थानिक लोक अज्ञानी आहेत, असे गृहीत धरले जाण्याचा धोका असतो. दुसऱ्या टोकाला आदिवासी स्वभावतःच निसर्गरक्षक असतात, असे मानणेही तितकेच एकांगी आहे. दोन्ही दृष्टिकोनांत गरज, संधी आणि अधिकार यांनी घडणारे वर्तन दुर्लक्षित राहते.
* पर्यावरणाची जबाबदारी व्यक्तीच्या वर्तनावर टाकल्याने धरणे, रस्ते आणि शहरी उपभोग यांच्या मोठ्या परिणामांवरून लक्ष हटते, अशीही टीका केली जाते.
* घर, चूल, पाणी आणि रोपवाटिका यांतील अनेक पर्यावरणपूरक कृतींचा भार स्त्रियांवर पडतो. निर्णयप्रक्रियेत त्यांचा सहभाग नसल्यास अशा उपक्रमांतून त्यांचे श्रम वाढण्याची शक्यता असते.

## हेही पहा

* पर्यावरणीय मानसशास्त्र
* वनहक्क कायदा, २००६
* पेसा कायदा
* वारली
* जव्हार तालुका
* मोखाडा तालुका
* एलिनॉर ऑस्ट्रॉम